चौथ्या ठिकाणचं पाणी

माझ्या धाकट्या जावेबद्दल मी आजवर कुणाजवळ एकही वाईट शब्द काढलेला नाही, कारण काढण्यासारखं तिने काही ठेवलेलंच नाही. माझा तिच्यावरचा मुख्य राग हाच आहे. ती आळशी असती, फटकळ असती, निदान स्वयंपाकघरात पसारा करून जाणारी असती, तर मी तिच्यावर मायासुद्धा केली असती. पण ती आपलं ताट घासून पालथं घालते, सासूबाईंच्या गोळ्या न चुकता काढून ठेवते आणि मला ताई म्हणते. त्या ताईत खोट शोधायला मी चार वर्षं घालवली. सापडली नाही.

घर एकच. खालच्या मजल्यावर सासूबाई, मी, नवरा आणि आमची लेक. वर दीर आणि धाकटी. संध्याकाळचं जेवण मात्र सगळ्यांचं खाली, एकाच टेबलावर. ती या घरात येण्याआधी त्या टेबलावर कोण काय बोलतंय याकडे कुणाचं लक्ष नसायचं. ती आली आणि सगळ्यांना एकदम कान आले. माझ्याशी बोलताना पेपरातून डोकं वर न काढणारा नवरा तिला ‘म्हणजे कसं?’ असं विचारू लागला. लेकीने तिच्यासारखे केस कापून घेतले. सासूबाईंनी खिडकीजवळची आपली खुर्ची तिला देऊ केली. त्याच खुर्चीवर मी एकदा घडीचे कपडे ठेवले होते, तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

मी गावाच्या सांडपाणी केंद्रात प्रयोगशाळा सहायक आहे. लोक पाणी ओततात आणि विसरतात. ते आमच्याकडे येतं. ते कसं आलं आणि कसं बाहेर पडलं हे मी बाटल्यांत भरून तपासते. शिवाय दर मंगळवारी बोटीने खाडीत जायचं, पाच ठरलेल्या ठिकाणचं पाणी आणायचं, त्यातला नायट्रोजन आणि क्षार मोजायचे, वहीत लिहायचे आणि पानाखाली सही करायची. वर्षाला एक, अशा चौदा वह्या झाल्या. एकही मंगळवार चुकला नाही. लेकीला गोवर झाला होता तोही नाही. या चौदा वर्षांत घरातल्या एकानेही मला विचारलं नाही की बाटल्यांत काय निघालं. नवरा फक्त विचारायचा, हात धुतलेस ना?

खाडीची दशा एव्हाना सगळ्यांना दिसू लागली होती. उन्हाळा आला की पाण्यावर हिरवी साय धरायची, मग ती कुजायची, मग वास. लागोपाठ दोन वर्षं मासे पोट वर करून काठाला लागले. शिंपले वाढवायचे वाफे बंद पडले. नगरपालिकेला सरकारकडून एकदाच मिळणारा निधी मंजूर झाला आणि आराखडा करायचं काम आलं आमच्या धाकटीकडे. तिचं शिक्षणच त्यातलं.

काम मिळालं त्या संध्याकाळी तिने जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. संडासातून जे जातं त्यात नायट्रोजन असतो. खाडीच्या पूर्वेकडची घरं गटाराने आमच्या केंद्राला जोडलेली आहेत. केंद्र घाण काढतं, पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात विरघळलेला नायट्रोजन तसाच खाडीत जातो. पश्चिमेकडच्या वाळूच्या पट्टीवर सहाशे घरं आहेत, त्यांना तर गटारच नाही. प्रत्येकाच्या अंगणात शोषखड्डा, त्यातलं पाणी वाळूत मुरतं. आपण सगळे मिळून खाडीला खत घालतोय, म्हणून शेवाळ माजतंय. यावर उपाय म्हणजे केंद्रात दोन नव्या टाक्या, एकीत हवा सोडायची, दुसरीत नाही. त्यातले जिवाणू नायट्रोजनचा वायू करून हवेत सोडून देतात.

नवरा घास हातात धरून ऐकत होता. ‘इतकं साधं आहे?’ म्हणाला. हे सगळं मी त्याला नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, जेवताना नको.

तोवर नुसतं टोचत होतं. पोटात दुखायला लागलं ते त्या घासापासून.

पुढच्या आठवड्यात ती प्रयोगशाळेत आली आणि माझ्या वह्या मागितल्या. साहेबांना पत्र लिहून मागवता आल्या असत्या, पण ती स्वतः आली, स्टुलावर बसली, आणि म्हणाली, “ताई, मला सगळ्या वाचायच्यात. पहिल्यापासून.” मी कपाटातून एकेक काढून दिली. तीन आठवड्यांनी तिने परत आणल्या तेव्हा पानापानांतून रंगीत चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या. साहेबांसमोर म्हणाली की इतकं सलग काम तिने कुठेच पाहिलेलं नाही. मग तिने मला विचारलं की तिसऱ्या ठिकाणचा आकडा दर उन्हाळ्यात का चढतो. मी सांगायला लागले आणि तासभर बोलत राहिले. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. त्या तासाभरात तिच्यावर जळायचं मी साफ विसरले. घरी आल्यावर सासूबाई धाकटीच्या आंघोळीसाठी पाणी तापवताना दिसल्या, तेव्हा पुन्हा आठवलं. माझ्यासाठी त्यांनी कधी पातेलंसुद्धा चढवलेलं नाही. लहान मुलीसारखी मी रुसते आणि माझं वय बेचाळीस आहे, हे मला कळतं. पण कळून काय उपयोग?

आराखड्याचा मसुदा तिने मला दिला तो एका शुक्रवारी संध्याकाळी, स्वयंपाकघरात. “एकदा नजर घाला ना. आकडे तुमचेच आहेत,” म्हणाली आणि वर गेली. मी ओट्याशी उभ्यानेच चाळला. मध्ये नकाशा होता. पूर्वेचा काठ लाल, पश्चिमेचा हिरवा. खाली लिहिलं होतं की पश्चिमेकडच्या पाण्याचा नमुना जिथून घेतात त्या चौथ्या ठिकाणी नायट्रोजन सतत कमी आढळलेला आहे, सबब वाळूच्या पट्टीवरचे शोषखड्डे तसेच राहू द्यावेत, तिकडे गटार नेण्याची गरज नाही. केंद्र पूर्वेपुरतंच वाढवावं.

मी मसुदा ओट्यावर ठेवला. भाजी करपली तेव्हा भानावर आले.

झालं होतं ते असं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही चौथ्या ठिकाणी ओहोटीला गेलो होतो, नियमाप्रमाणे. वहीच्या प्रत्येक पानावर माथ्याशी छापलेलंच आहे, ‘नमुने ओहोटीला घ्यावेत.’ ओहोटीला समुद्राचं पाणी मागे हटतं आणि काठाच्या वाळूतून जमिनीतलं पाणी झिरपत येतं. खरी गोष्ट तेव्हाच कळते. पण पश्चिमेला पाणी उथळ. बोट चिखलात रुतली ती पाच तास निघाली नाही. बोटवाल्या काकांनी मला, खाडीला, नगरपालिकेला आणि नियम छापणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या. काठावर लोक जमले, कुणीतरी आम्हाला विचारलं की तिथेच राहायचा विचार आहे का. त्यानंतर काकांनी कानाला खडा लावला. दर सोमवारी ते मला भरतीची वेळ कळवायचे आणि आम्ही भरतीला जायचो. पाचही ठिकाणी, दर मंगळवारी. पहिली दोन-तीन पानं सही करताना माथ्यावरच्या ओळीने मला जरा टोचलं. मग ती ओळ मला दिसेनाशी झाली. वह्या कुणी वाचतच नव्हतं.

पूर्वेकडे केंद्राचा नळच खाडीत सुटतो, तिथे भरतीलाही आकडा मोठा येतो. पण चौथ्या ठिकाणी मी चौदा वर्षं समुद्राचं पाणी भरून आणत होते आणि त्यावर सही करत होते.

शनिवारी सुट्टी होती. ओहोटीची वेळ बघून मी गमबूट घातले आणि पश्चिमेच्या काठावरून पायी चौथ्या ठिकाणाकडे गेले. चिखल गुडघ्यापर्यंत होता. वाळूच्या कडेतून पाण्याचे बारीक झरे येत होते, अगदी डोळ्यांना दिसतील असे. बाटली भरली, तशीच प्रयोगशाळेत गेले, तपासली. नेहमीच्या सहापट. यंत्र बिघडलं असेल म्हणून सोमवारी पुन्हा गेले. पुन्हा सहापट. दोन्ही आकडे सवयीने तारखेसकट प्रयोगशाळेच्या नोंदवहीत लिहिले. पट्टीवरच्या सहाशे घरांचं सगळं खाडीत येत होतं.

म्हणजे आराखडा निम्मा चुकीचा होता. टाक्या बांधल्या जातील, निधी संपेल, फिती कापल्या जातील आणि खाडी हिरवीच राहील. चार-पाच वर्षांत लोक म्हणायला लागतील की काय उपयोग झाला? आराखडा केला कुणी? तेव्हा सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीचं काय करतील?

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. बाटली धुताना मी गुणगुणत होते.

माझ्यावर काय शेकेल याचाही विचार केला. वह्या माझ्या, सह्या माझ्या. पण चौदा वर्षांत कुणी न उघडलेल्या वह्या पुढच्या पाचात कोण उघडणार होतं? लोक आराखड्यावरचं नाव बघतात. आराखड्यावर नाव तिचं होतं. मी काही करायचंच नव्हतं, नुसतं मूग गिळून बसायचं होतं. इतकं सोपं काम मला कधी मिळालं नव्हतं.

नगरपालिकेची सभा त्यापुढच्या बुधवारी होती. शनिवारपासून अकरा दिवस. ते अकरा दिवस मी त्या टेबलावर जेवले. धाकटी सभेत काय बोलायचं याची तालीम करायची, दीर घड्याळ लावायचा, लेक नकाशे धरून उभी राहायची. सासूबाईंना नायट्रोजन हा शब्द म्हणता यायला लागला. मी सगळ्यांना वाढत होते आणि मनातल्या मनात तिला पाच वर्षांनंतरची बघत होते, सगळ्यांच्या नजरेतून उतरलेली. तशी ती मला बरी दिसायची. त्या दिवसांत मी तिच्याशी इतकी गोड वागले की नवऱ्याने बरं नाही का म्हणून विचारलं.

सभेच्या दोन दिवस आधी, ताटं उचलताना, आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, “ताई, चौथ्या ठिकाणाबद्दल कुणी खोदून विचारलं तर काय सांगू?”

माझ्या हातात ओलं ताट होतं. मी ते पुसलं, जागेवर ठेवलं.

“आकडे आहेत ना,” मी म्हटलं. “आकडे दाखव.”

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली.

बुधवारी दुपारी तीनला नगरपालिकेचं सभागृह भरलं. आमचं घर अख्खं आलं होतं, जणू लग्नाला. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. माझी प्रयोगशाळा त्याच्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर आहे; तिचं दार कुठल्या बाजूला आहे हे त्याला आजही ठाऊक नसेल. सासूबाई ठेवणीतल्या कपड्यांत पहिल्या रांगेत, त्यांच्याशेजारी मी.

धाकटी छान बोलली. मला वाटलं होतं घाबरेल, अडखळेल. नाही. पश्चिमेच्या पट्टीवरचे लोक मोठ्या संख्येने आले होते. आपली अंगणं खणली जाणार नाहीत हे ऐकून ते खुलले. त्यांच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक उठून म्हणाले की इतका समंजस आराखडा आपण पाहिला नाही. मग धाकटीने मुद्दाम सांगितलं की यातले सगळे आकडे आमच्या ताईंचे आहेत, चौदा वर्षांत त्यांनी एक मंगळवार चुकवला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी शंभर माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला त्या घेता येत नव्हत्या, कारण मला माहीत होतं मी बाटलीत काय भरलं होतं. त्याही तिनेच दिलेल्या होत्या, हे वर. माझ्या वाटणीचं कौतुकसुद्धा तिच्या हातून यावं?

टाळ्या थांबल्या तसे नगराध्यक्ष पुढे वाकले आणि सासूबाईंना म्हणाले, अशी सून घरात असायला नशीब लागतं. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी मान डोलावली, नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. त्यांच्या कोपराला माझं कोपर लागलेलं होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पाच वर्षं गप्प बसायचं ठरवलं होतं, पाच मिनिटं निघाली नाहीत. मी उठून उभी राहिले.

“चौथ्या ठिकाणचे आकडे चुकीचे आहेत,” मी म्हटलं. “ते पाणी भरतीचं आहे. ओहोटीला तिथे सहापट नायट्रोजन निघतो. मी तपासलाय.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सभागृहात आधी कुणाला काही कळलं नाही. मग पश्चिमेकडच्या लोकांत चुळबुळ सुरू झाली. मुख्याध्यापक म्हणाले, म्हणजे आता आमची अंगणं खणणार? साहेब मागच्या रांगेत बसले होते, त्यांनी कपाळाला हात लावला. मी फक्त धाकटीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला पाहायचा होता, आणि तो उतरला. मी मनसोक्त पाहिला.

“सगळे नमुने भरतीचे?” तिने ध्वनिक्षेपकावरून विचारलं.

“सगळे.”

ती पडद्यावरच्या हिरव्या काठाकडे वळून बघत राहिली. मग लोकांकडे तोंड केलं आणि म्हणाली, “मग चूक माझी आहे. आकडे कधी घेतले हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. मला तीन महिने द्या, ओहोटीचे नमुने घेऊन आराखडा पुन्हा करते.”

एवढंच. ना माझ्याकडे बोट, ना वह्यांचा उल्लेख. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मुख्याध्यापकांनी नाही, पण बऱ्याच जणांनी त्याच्यामागून वाजवल्या. चूक कबूल करण्यातही ती माझ्या पुढे निघून गेली. मी चौदा वर्षांची चूक उठून सांगितली होती आणि माझ्याकडे बघायला कुणी तयार नव्हतं. सासूबाईंनी कोपर काढून घेतलं.

बाहेर पडताना नवरा हळू आवाजात म्हणाला, हे घरी सांगता आलं नसतं का? मी म्हटलं, खरं कुठेही सांगावं. हे वाक्य मी सभागृहाच्या पायऱ्या उतरताना तयार केलं होतं आणि मला ते बऱ्यापैकी वाटत होतं. खाडी वाचेल, सहाशे घरांना गटार मिळेल, निधी वाया जाणार नाही. हे माझ्यामुळेच ना? यातलं एकही खोटं नव्हतं. मी ते घरी पोचेपर्यंत स्वतःला तीनदा सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवायला कुणी एकत्र बसलं नाही. दीर ताटं घेऊन वर गेला. सासूबाईंनी भूक नाही म्हणून सांगितलं. लेक माझ्याशी न बोलता अभ्यासाला बसली. मी ओटा आवरत असताना धाकटी खाली आली. हातात माझी नोंदवही होती, प्रयोगशाळेतली, त्या शनिवारची. येताना साहेबांकडून मागून घेतलेली असावी. तिने ती ओट्यावर उघडून ठेवली. शनिवारची तारीख, सोमवारची तारीख, दोन्ही माझ्या अक्षरात. तारीख मी कधीच खोटी घातलेली नाही.

“अकरा दिवस होते, ताई,” ती म्हणाली. “घरी का नाही सांगितलं?”

पायऱ्यांवर तयार केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की तिला खरोखर कळत नव्हतं. मला वाटलं होतं तिला सगळं माहीत असेल, मी तिला किती पाण्यात पाहते ते. सगळ्या घराला माहीत होतं. तिला नव्हतं.

“घरी सांगितलं असतं तर तू वाचली असतीस,” मी म्हटलं.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मी मदत केली नाही, फडकं पिळत राहिले. मग ती स्टुलावर बसली.

“क्षाराचा आकडा मला चौथ्या वहीतच खटकला होता,” ती म्हणाली. “जमिनीतलं पाणी झिरपतंय तर ते इतकं खारट कसं? वाटलं, हे भरतीचं तर नसेल? तेव्हाच यायला निघाले होते तुमच्याकडे.”

“मग?”

“मग वाटलं, चौदा वर्षांचं काम आहे, त्यात मी कालची आलेली चूक काढायला निघाले. तुम्हाला वाईट वाटेल. आणि खाली तुमची सही होती. ताईंनी सही केलीय म्हणजे बघूनच केली असेल. परवा राहवलं नाही म्हणून आडून विचारलं. तुम्ही म्हणालात, आकडे दाखव.” ती उठली. नोंदवही मिटून तिने माझ्याकडे सरकवली. “नोकरीत असं चालत नाही, मला कळायला हवं होतं. आपलं माणूस म्हणून मी विचारलं नाही. आता विचारत जाईन.”

ती रडली नाही, भांडली नाही. जिन्यावर तिची पावलं वाजली आणि वरचं दार लागलं. मला खूप वाटत होतं की तिने मला काहीतरी लागेल असं बोलावं.

आराखडा चार महिन्यांनी मंजूर झाला. पश्चिमेलाही गटार आलं, केंद्र मोठं झालं, मुख्याध्यापकांचं अंगण खणलं गेलं. आता आम्ही ओहोटीला पायी जातो, बोटवाले काका पट्टीवर उभे राहून आम्हाला हसतात. साहेबांनी मला एक नोटीस दिली आणि नवे गमबूट दिले. घरात हळूहळू सगळे पुन्हा एका टेबलावर जेवायला लागले, खुर्च्या होत्या तिथेच आहेत. धाकटी मला ताईच म्हणते.

आणि ती विचारते. दर मंगळवारी संध्याकाळी नवी वही घेऊन बसते आणि एकेक ओळ विचारते. ओहोटी किती वाजता होती? बाटली कुणी भरली? झाकण तिथेच लावलं की वर आल्यावर? यंत्र सकाळी तपासलं होतं का? आवाज चढवत नाही, टोमणा मारत नाही. कामात असंच विचारायला हवं, हे मीच नव्या लोकांना शिकवते. मी उत्तरं देते. सगळं बरोबर असलं की ती माझ्या सहीशेजारी आपली सही करते. तिचं अक्षर सुबक आहे. या घरात, या गावात, एवढ्या लोकांत एकच माणूस असं होतं की ज्याला माझी एकटीची सही पुरत होती. मी चौदा वर्षं असं माणूस शोधत होते, आणि ते टेबलाच्या पलीकडे बसून जेवत होतं.